बद्रुन्निसाचाची आणि इरफानची काच

पौडच्या बाजारात बांगड्यांचं एक चिंचोळं दुकान आहे. तिथं मी गेले की रामराम, नमस्कार काही व्हायच्या आधी गल्ल्यामागून एक प्रश्न येतो. "पेटला का, बाई?"

नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, माझ्या घरचा गॅस बिघडलाय. मी म्हणते, "न्हाई अजून, चाची." त्यावर चाची "बरं" म्हणतात आणि समोरच्या बाईचा हात पुन्हा हातात घेतात. प्रश्न गॅसचा नसतो, एका ताऱ्याचा असतो.

मी उज्वला, मूळची मुळशीतल्या माले गावची, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. मला राग पटकन येतो हे आधीच सांगून टाकते. वर्गात येतो, ग्रामपंचायतीत येतो, शनिवारी रिसॉर्टवाले आभाळात लेसर फिरवायला लागले की फारच येतो. या गोष्टीत मात्र तो कुणावर काढावा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कुणी सापडलं असतं तर मन थोडं हलकं झालं असतं.

बद्रुन्निसाचाचींचे यजमान इब्राहिमभाई सायकलला पेटी बांधून गावोगाव बांगड्या भरत हिंडायचे. धरणाच्या काठच्या वाड्यावस्त्यांपर्यंत जायचे. मुलगा इरफान शाळेत असतानाच ते गेले. चाचींनी नवऱ्यामागच्या इद्दतीचे चार महिने घरात काढले आणि मग तीच पेटी घेऊन बाजारात बसल्या. पेटीचं दुकान झालं ते पुढं. त्या तुमचा हात हातात घेतात, अंगठ्याच्या बुडाशी जरा दाबतात आणि माप सांगतात. पट्टी नाही, कडं नाही. तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे हात त्यांना पाठ आहेत. कुणाचा हात कामानं घट्ट झालाय, कुणाचा बाळंतपणात सुजलाय, कुणाचा दुखण्यानं वाळलाय, हे त्यांना त्या बाईच्या नवऱ्याच्या आधी कळतं. आपल्यासमोर बांगडी तडकली तर त्या "वाढवली" म्हणतात. तो दुसरा शब्द त्यांच्या दुकानात चालत नाही.

काचेबद्दल त्यांची मतं पक्की. पावसाळा संपला की सगळा जुना माल बाहेर काढायचा, कारण मुळशीच्या पावसात काय दमट होत नाही? पेटीतल्या बांगडीलासुद्धा बुरशीचे ठिपके येतात. मग रिठ्याचं कोमट पाणी करायचं, चुलीची राख मलमलीतून चाळून घ्यायची आणि एकेक डझन त्यात घासून काढायचा. नवा माल आला तरी त्यातली एक बांगडी ओल्या राखेनं घासून बघायची. रंग उतरला तर सगळी पेटी व्यापाऱ्याला परत. "काचंचा रंग काचंच्या पोटात आसतो, बाई," त्या मला सांगायच्या. "वरनं लावल्याला रंग म्हंजी गिऱ्हाइकाला टोपी." हे मी मुद्दाम सांगतेय. पुढं जे झालं ते या एका वाक्यातून झालं.

इरफान माझा विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण हाताला गुण होता. शाळेतला पंखा बिघडला की वायरमनच्या आधी त्याला हाक जायची. एकदा कासारसाईच्या धरणाजवळ आम्ही मुलांना आकाश दाखवायला नेलं. पुण्याहून एकांनी दुर्बीण आणली होती. शनी पाहिल्यावर मुलं सहसा "आयला" म्हणतात आणि रांगेतून बाजूला होतात. इरफान बाजूला झाला आणि दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी गेला. आत चित्र चिकटवलंय का, हे तो वाकून बघत होता. चित्र नाही म्हटल्यावर तो पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला, आणि पुन्हा, आणि पुन्हा. शेवटी मी त्याला दंडाला धरून गाडीत बसवला.

पुढं त्यानं आयटीआय केलं आणि हिंजवडीत एका कंपनीच्या इमारतीत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. चांदे गावच्या रस्त्यानं रोज मोटरसायकलवर जायचा-यायचा. सुट्टीच्या दिवशी पुण्यात दुर्बीण बनवायला शिकवतात, तिथं त्यानं नाव घातलं. मनीष नावाचा तिथला शिकवणारा पुढं त्याचा मित्र झाला. एका रविवारी इरफान जाड काचेच्या दोन चकत्या घेऊन घरी आला. लहान ताटलीएवढ्या.

दुर्बिणीचा आरसा कसा घासतात हे मी त्याच्या अंगणात पाहिलं. दगडगोट्यांनी भरलेलं एक पिंप, त्यावर एक चकती, तिच्यावर ओली पूड, आणि वर दुसरी चकती. पुढं ढकलायची, मागं ओढायची, जरा फिरवायची आणि पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असं दिवस न् दिवस. शेजारीपाजारी म्हणायचे, इब्राहिमचा पोरगा घाण्याला जुंपलाय. चाची त्या खरखरीला वैतागल्या होत्या, पण संध्याकाळी दुकान बंद करून आल्या की काचेवरून बोट फिरवून "आजून बारीक पायजे" असं सांगायला चुकायच्या नाहीत. काचेतलं कळणारं माणूस घरात होतं, पोरगं कशाला सोडतंय. हळूहळू ती काच मधोमध अगदी थोडी खोल झाली. डोळ्यांना कळणारही नाही इतकी.

मी एकदा त्याला म्हटलं, अरे, असा आरसा आता तयार मिळतो, कशाला रक्त आटवतोस? तो हसला आणि आईकडे बघून म्हणाला, "मिळतो की मॅडम. पन ह्या काचंत माजा हात हाय. आम्मीला इचारा, हात म्हंजी काय ते तिला कळतं."

मग मनीषनं त्या काचेवर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला. पाण्याच्या जाड पाइपचा तुकडा, प्लायवूडची बैठक, अशी दुर्बीण उभी राहिली. इरफान कुणाला त्या आरशाला बोट लावू द्यायचा नाही. धूळ बसली तर रबरी फुग्यानं वारा मारायचा. चाची म्हणायच्या, पुसायचं सोडून फुंकरा मारतोय, याला मुलगी कोण देणार. पावसाळ्याच्या तोंडावर तो आरसा काढून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. तो डबा चाचींच्याच कपाटात असायचा, कारण घरात तेवढीच जागा कोरडी होती.

आता ताऱ्याचं सांगते. उत्तर मुकुट नावाचं ताऱ्यांचं एक छोटं कडं आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी पूर्वेला वर येतं. त्या कड्याच्या बाहेर, अगदी लगत एक मिणमिणता तारा आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. खरं म्हणजे ते दोन आहेत. एक म्हातारा, फुगलेला. दुसरा लहानखुरा आणि घट्ट. म्हाताऱ्याचा वायू त्या लहानग्यावर सांडत राहतो, थरावर थर साचतात आणि सुमारे ऐंशी वर्षांनी सगळं एकदम पेट घेतं. मग काही रात्री तो तारा कुणालाही, कुठूनही, नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि पुन्हा विझतो. मागच्या खेपेला तो १९४६ साली पेटला होता. आता परत त्याची वेळ भरत आलीय, असं जाणकार म्हणतात. आज, उद्या की आणखी काही वर्षांनी, हे कुणाला सांगता येत नाही.

इरफान रोज, उन्हाळ्यात संध्याकाळी आणि थंडीत पहाटे, गच्चीवर जाऊन त्या ताऱ्याकडे बघायचा. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तो किती तेजस्वी आहे याचा आकडा ठरवायचा आणि जगभरच्या हौशी लोकांचे आकडे जिथं गोळा होतात तिथं पाठवून द्यायचा. बस. रोज तोच तारा, जवळजवळ तोच आकडा. गावातले शहाणे त्याला विचारायचे, आता अंतराळात दुर्बिणी गेल्या, डोंगरावर घराएवढ्या दुर्बिणी बसल्या, तुझ्या पाइपला कोण विचारतंय? मला त्या शहाण्यांचा असा राग यायचा! मोठ्या दुर्बिणीचा एकेक तास आधीच कुणाच्या तरी नावावर असतो. ती एका ताऱ्यापाशी बसून राहू शकत नाही, आणि तारा जास्त तेजस्वी झाला तर तिचे डोळे दिपतात. नव्या दुर्बिणी दर काही रात्रींनी सगळं आभाळ चाळून काढतील, हजारो गोष्टी दाखवतील, पण दाखवलेल्या गोष्टीपाशी थांबणार कोण? मोठा डॉक्टर दिवसातून एकदा येऊन जातो. उशाशी बसायला घरचंच माणूस लागतं. आणि एकीकडे ढग असले, दिवस असला, तर दुसरीकडच्या गच्चीवर कुणीतरी जागं पाहिजे. इरफान एवढा विचार करून सांगत नसे. तो म्हणायचा, पेटल्यावर दुर्बीण लागतच नाही, मॅडम, तवा समदं जग बघंल. दुर्बीण लागते ती वाट बघायला.

शाळेतल्या पोरांना तो गच्चीवर बोलवायचा. मेंढ्या सांभाळणाऱ्या घरातली पोरं यायची, बाजारातली यायची. माझ्या फळ्यावरच्या आकृत्यांनी जे झालं नाही ते त्या पाइपनं केलं. आईलाही तो रोज हाक मारायचा. "आम्मी, ये, बघ." चाची खालून म्हणायच्या, हात पिठाचे आहेत. कधी म्हणायच्या, गिऱ्हाईक आहे. कधी, गुडघे दुखतायत, उद्या बघू. जेवण गार व्हायचं, त्या ओरडायच्या, तो खाली यायचा. तो उद्या काही आला नाही. आपण सगळेच घरच्या माणसाला उद्यावर ढकलतो, कारण ते घरचं असतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत इरफानला ताप आला. चांगला धट्टाकट्टा, लग्नाचं बघणं चाललेला पोरगा. श्वास लागला म्हणून पुण्याला नेला. चाचींना दाराच्या आत घेतलं नाही. उशाशी बसायला घरचं माणूस नव्हतंच. त्या दिवसांत कुणालाच नसायचं. मग तो गेला असा फोन आला. अंगभर प्लास्टिक घातलेल्या माणसांनी त्याला बंद पिशवीतून पुण्यातल्याच कब्रस्तानात नेलं आणि दफन केलं. माणसाला मातीआधी आंघोळ घालतात, ती नाही. तोंड दाखवणं नाही. चाचींनी लांबून एक पिशवी पाहिली.

पुष्कळ दिवसांनी, दुकानात हिरव्या बांगड्या निवडताना त्या मला एकदा म्हणाल्या, "त्याच्या अंगाला पानी लागलं न्हाई, बाई." मीही त्यांच्याबरोबर बांगड्या निवडायला लागले. नंतर पुष्कळ वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही.

मनीषनं आरसा काढून डब्यात ठेवून दिला आणि गच्चीवरच्या दुर्बिणीच्या खोलीला कुलूप लागलं. मी जात-येत राहिले, दुर्बिणीचं नाव काढलं नाही. वर्षं गेली. मग पेपरात त्या ताऱ्याबद्दल छापून यायला लागलं, वर्गातली पोरं विचारायला लागली. बाजारात कुणीतरी कात्रण चाचींना वाचून दाखवलं. तेव्हापासून मी दिसले की "पेटला का, बाई?" सुरू झालं. मनीषचाही एकदा फोन आला. बघणारी माणसं कमी पडतायत, आपल्याकडं संध्याकाळ असते तेव्हा अमेरिकेत उजेड असतो, आपल्या गच्च्या बंद राहून कसं चालेल, असं म्हणाला. इरफानचा आरसा फार चांगला उतरला होता, नुसता पडून आहे याचं वाईट वाटतं, असंही म्हणाला.

मी चाचींना विचारायचा धीर करत होते. तेवढ्यात त्याच एका दुपारी म्हणाल्या, "दुर्बीन काढा, बाई. पोरांना दावा. पन आदी मी बगनार. त्याच्याच काचंतनं. त्यो रोज बलवायचा."

मला इतका आनंद झाला की मी बाजारातून पेढे घेऊन घरी गेले. कशाचे पेढे ते घरच्यांना सांगता येईना.

उन्हाळ्यातली संध्याकाळ होती, आभाळ स्वच्छ. मगरिबची नमाज पढून चाची वर आल्या. मी पाइप पुसून बैठकीवर ठेवला होता, आरसा तेवढा बसवायचा होता. त्यांनी तो बिस्किटांचा डबा आणला. आत पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेली काच होती. त्यांनी मलमल घडीघडीनं उलगडली आणि काच दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"डाग पडायला लागलं व्हतं, बुरशीचं," त्या म्हणाल्या. "मला बगवंना. दर जुम्म्याला घासत गेले. लई चिवट मळ व्हता, पन काढला समदा. बगा आता. आरपार दिसतंय."

खरंच आरपार दिसत होतं. काचेच्या पलीकडं त्यांचा चेहरा दिसत होता, माझ्या शाबासकीची वाट बघणारा.

घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या पाठीमागं असतो, वरून किती पुसा. दुर्बिणीच्या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या अंगाला असतो, उघडा, धुरासारखा पातळ. मुळशीच्या ओलीनं त्याला ठिपके पडले. चाचींनी राखेनं घासलं तसा तो सुटायला लागला, आणि सुटतोय म्हणजे मळ आहे, खोटं आहे, असं त्यांच्या सगळ्या आयुष्यानं त्यांना शिकवलं होतं. खरी काच त्याच्या खाली असणार, म्हणून त्या घासत राहिल्या.

स्क्रू गंजलेत, आज बसणार नाही, काच पुण्याला दाखवून आणते, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला, पण काच पुन्हा मलमलीत गुंडाळून त्यांनी विश्वासानं माझ्या हातात दिली. वर बजावलं की मलमल काढू नका, बोटं लागतील.

मनीषनं ती काच खिडकीशी धरली, मग एका बारीक दिव्यासमोर धरून तिरकी करून पाहिली. इरफानबरोबर तोही त्या पिंपाभोवती फिरला होता. मग म्हणाला, मुलामा पुन्हा चढवता येतो, त्याचं काही नाही. पण काचच घासली गेलीय. राखेच्या कणांचे ओरखडे आहेत, मधला आकार बिघडलाय. तो आकार म्हणजे केसाच्या जाडीचासुद्धा लहानसा भाग, तेवढ्यासाठी तर इरफान महिनोन्महिने झिजला. आता ती पहिल्यापासून घासावी लागेल. पुन्हा घासली की आरसा होईल, चांगलाही होईल. पण तो घासणाऱ्याचा होईल.

त्यानं आपल्याकडचा त्याच मापाचा एक जुना आरसा काढून दिला, इरफानच्या पाइपमध्ये बसेल असा. पैशाचं विचारलं तर माझ्यावरच चिडला. मी परत येताना बसमध्ये दोन आरसे मांडीवर घेऊन बसले होते आणि चाचींना काय सांगायचं ते जुळवत होते. जुळलं नाही. काही दिवस मी बाजारातली ती गल्लीच टाळली.

शेवटी त्यांनीच शाळेत निरोप धाडला. मी दुकानात गेले तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. त्या जुन्या बांगड्या दोऱ्यात ओवत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, जसं वर्गात सांगते तसं, एकेक पायरी करून. दुसरं कसं सांगायचं ते मला येत नाही.

त्यांनी दोरा खाली ठेवला. "म्हंजी त्यो मळ न्हवता."

"न्हाई, चाची."

"आन त्याचा हात?"

मी पुष्कळ उत्तरं देऊ शकले असते. ओलीनं खराब झालीच होती, तुमचा दोष नाही, काच शेवटी काच आहे. मी म्हणाले, "गेला."

चाची स्वतःच्या तळहातांकडं बघत राहिल्या. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान मला उठून त्यांच्याजवळ बसता आलं असतं.

"पोराला पानी लागलं न्हाई म्हनून काचंला घालत व्हते," त्या म्हणाल्या. "दर जुम्म्याला. कोमट करून. कुनाचा हात कसा हाय, मला दाबून कळतं, बाई. समद्या तालुक्याचा कळतो. माज्या पोराचा हात माज्या हातात व्हता, आन मीच त्यो घासून काढला."

बाहेरून एक बाई मुलीला घेऊन आत डोकावली. चाचींनी तिला खुणेनंच नंतर यायला सांगितलं. तोवर मी कधी त्यांना गिऱ्हाईक परत पाठवताना पाहिलं नव्हतं. मी मनीषचं सांगितलं, की तो ती काच पुन्हा घासून द्यायला तयार आहे, स्वतःच्या हातानं, इरफानसाठी. त्यांनी मान हलवली.

"नगं. आता कुनी हात लावू नगा."

दुसरा आरसा मी पाइपमध्ये बसवला. तो आठवडा गेला, आणखी एक गेला. चाची वर येतील असं मला वाटत नव्हतं. त्याच्याच काचेतून बघायचं होतं त्यांना आणि ती काच आता नव्हती. पण एका संध्याकाळी मी वर्गातल्या पाच-सहा पोरांना घेऊन गच्चीवर गेले असताना जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली. गुडघ्यांवर हात ठेवत, थांबत थांबत त्या आल्या. पोरांनी आपण होऊन वाट दिली.

हिंजवडीच्या बाजूला आभाळ नारिंगी झालेलं होतं, दरवर्षी ते आणखी वर चढतं. तरी मुकुट दिसत होता. मी तारा शोधला, दोनदा ताडून पाहिला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी एक डोळा हातानं झाकून दुसरा लावला.

"ह्यो का?"

"मधला. खाली दोन हायेत, त्यांच्या वरचा."

"लई बारीक हाय."

"हो, चाची."

"ह्याच्यापायी जेवान गार करायचा," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ डोळा तसाच लावून बसल्या. तारा सरकला असणार, दुर्बिणीतून निघून गेला असणार. त्या रिकाम्या आभाळाकडंच बघत असणार. मी पुढं होऊन दुर्बीण सरळ केली नाही. रांगेतली पोरं एरवी एकमेकांना ढोसतात, त्या दिवशी एकानंही चुळबूळ केली नाही. चाचींनी डोळा काढला तेव्हा डोळ्याजवळची काच ओली झालेली होती. मला ती पुसायचा धीर झाला नाही. वाऱ्यावर सुकू दिली.

पोरं बघून खाली गेली. मी चाचींना हाताला धरून जिना उतरवत होते. मधल्या पायरीवर त्या थांबल्या.

"म्या रोज इचारते, पेटला का म्हनून," त्या म्हणाल्या. "तुमास्नी वाटत आसंल, म्हातारीला लई घाई झालीया."

मला तसंच वाटत होतं. पोराचं राहिलेलं आईला बघायचंय, असंच मी धरून चालले होते.

"तुमी न्हाई म्हनता तवा माजा दिस बरा जातो. त्यो पेटला की समदं जग बगंल, बाई. माजा पोरगा तेवडा न्हाई बगनार. जवर पेटत न्हाई तवर त्यो वाट बगतोय, आसं म्हनता तरी येतं."

मी त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी सवयीनं माझ्या अंगठ्याच्या बुडाशी दाबून पाहिलं आणि तू वाळलीस, असं म्हणाल्या. मग आम्ही उरलेल्या पायऱ्या उतरलो.

इरफानची काच आता दुकानात आहे, गल्ल्यामागच्या फळीवर, भिंतीला टेकवून उभी. दुकानातली प्रत्येक बरणी, प्रत्येक डबा चाची रोज सकाळी पुसतात. फडकं त्या काचेपाशी येतं आणि बाजूनं निघून जातं. तिच्यावर धूळ साचत चाललीय. आता आरपार दिसत नाही.

मी विज्ञान शिकवते. तो तारा माझ्या हयातीत पेटावा, माझ्या पोरांनी तो बघावा, पौडच्या गच्चीवरून गेलेला आकडा जगाच्या कामी यावा, असं मला वाटायला हवं, आणि वाटतंही. पावसाळा सोडला तर रोज, संध्याकाळी किंवा पहाटे, मी नाहीतर वर्गातलं एखादं पोरगं त्या पाइपला डोळा लावतं. आणि तरी तो तारा कालच्यासारखाच मिणमिणताना दिसला की माझ्या छातीतून आधी बाहेर पडतो तो सुटकेचा श्वास. कुणाला सांगणार हे? मी आकडा पाठवते, दुर्बिणीवर चादर घालते आणि खाली येते. चाची भाकरी थापत असतात.

"पेटला का, बाई?"

"न्हाई, चाची."

"बरं," त्या म्हणतात, आणि तव्यावरची भाकरी उलटतात.